माईंच्या जागी, पाठमोरी

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही. सुनेला अर्धं ठाऊक आहे, पण अर्धंच. रोज सकाळी देवापुढे बसते, तिथेही या गोष्टीच्या आसपास फिरून येते आणि उदबत्ती संपायच्या आत उठते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — असं लिहिणार होते, पण तेही खोटं झालं असतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. चेहऱ्यानं नाही. पाठीनं.

थांबा, नीट सांगते. मी काही लिहिणारी बाई नाही, बोलते तसं कागदावर उतरवतेय, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

फोनवर ‘माईंची वेणी’ नावाचं एक पेज आहे. बघितलं असेल तुम्ही. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी, तुळशीची कुंडी, पाटावर बसलेली एक म्हातारी बाई — तुमच्याकडे पाठ करून. केस मोकळे सोडलेले, पाटावरून खाली फरशीवर लोळणारे, काळेभोर. मागून दोन हात येतात, तेल लावतात, विंचरतात, वेणी घालतात. आणि ती बाई तोंड न दाखवता बोलत असते. कधी रावपुऱ्यातल्या जुन्या घराच्या गोष्टी, कधी भाकरी का फुगत नाही, कधी नुसतंच, “बायांनो, जेवलात का?” एवढंच असायचं हो त्यात. पण लाखाच्या वर माणसं ते बघायची.

ते हात माझे. मी शालिनी, धाकटी जाऊ. आणि ते केस, ती पाठ, तो आवाज माझ्या थोरल्या जाऊबाईंचा — माईंचा. निदान पहिलं वर्षभर तरी.

आमचे दोघींचेही नवरे गेलेले. माईंना मूलबाळ नाही, मला एक निखिल. रावपुऱ्यातलं भाड्याचं घर सुटलं तेव्हा माई आमच्याबरोबरच इकडे आल्या. निखिलची बायको हेतल, नडियादची, गुजराती. मला मम्मी म्हणते आणि माईंना मोटा मम्मी म्हणायची, म्हणजे मोठ्या आई. तिनंच एका रविवारी आम्हा दोघींना गॅलरीत बघून फोन धरला. माई म्हणाल्या, “काय करायचं ते कर, पण माझं तोंड नको. शहात्तर वर्षांचं तोंड काय दाखवायचं जगाला? पाठ घे.” हेतल हसली. “मोटा मम्मी, तमारी पाठच हिट जाईल.” ती आमच्याशी असंच अर्धं हे अर्धं ते बोलते. आणि तसंच झालं की!

मग तेलाची कंपनी आली. नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. जिग्ना नावाची त्यांची एक मुलगी यायची, पेढे घेऊन, पायात पैंजण, सारखी फोनकडे बघणारी पण मनानं चांगली. ती मला एकदा म्हणाली होती, “काकी, लोग तेल नहीं खरीदते. माई को खरीदते हैं.” आम्ही सगळे हसलो होतो. माईसुद्धा. मला मात्र ते वाक्य चिकटून राहिलं. माणूस विकत घेता येतं? आणि घेतलं तर ते मग कुणाचं?

बाटली कंपनीची असायची आणि आत तेल आमचंच, खोबरेलात जास्वंदीची फुलं कढवलेलं. हेही सांगून टाकते. पण ही ती गोष्ट नव्हे. मी अजून कडेकडेनंच चाललेय, नाही का?

दिवाळीनंतर माईंचं दुखणं निघालं. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेत नसे, तुम्हाला कळलंच असेल. औषधं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात केस जायला लागले. मी विंचरायची आणि फणीत बटाच्या बटा यायच्या. एके दिवशी माई म्हणाल्या, “शालू, हे असं रोज रोज नको बाई. एकदाच काय ते काढून टाक.” कात्री मीच चालवली. नंतर त्या डोक्याला निळा रुमाल बांधून पडून असायच्या.

जिग्ना भेटायला आली, माईंच्या पाया पडली. म्हणाली, “कोई जल्दी नहीं, काकी. माई ठीक हो जाएँ, फिर करेंगे.” ऐकताय ना? कंपनीनं थांबायला सांगितलं होतं. हेतलही म्हणाली होती, बंद करू या मम्मी. कुणीही मला ढकललं नाही.

आणि माई — माईंनी तर वाटच दाखवली होती. त्या म्हणाल्या, “मला एक दिवस गॅलरीत बसव. तोंड करून. रुमाल काढते आणि सांगते त्यांना, बायांनो, केसांचं फार कौतुक केलंत, आता हेही बघा.” मी म्हटलं, आधी बऱ्या व्हा. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. 

का नाही बसवलं? थकवा होईल, गार वाऱ्यात नको — असं मी तेव्हा म्हणत होते. खरं कारण वेगळं होतं. त्या पाटावर मलाच बसायचं होतं.

हे लिहिताना हात थांबला बघा.

आता गंगावनाचं सांगते. हल्लीच्या मुलींना शब्द माहीत नसेल. आमच्या वेळी बायका विंचरताना गळलेले केस टाकत नसत. त्या गुंतवळ्यावर कुणी काही करील अशी भीती असायची, म्हणून गोळा करून पिशवीत ठेवायच्या. पुरेसे झाले की त्याची जोडवेणी करून आणायची, तेच गंगावन. आपल्या केसांत गुंफलं की वेणी जाड दिसते. मी लग्न होऊन रावपुऱ्यात आले तेव्हा माझी वेणी म्हणजे उंदराचं शेपूट. माईंनी स्वतःचा गुंतवळ साठवून, दारावर येणाऱ्या एका बाईकडून माझ्यासाठी गंगावन करून घेतलं. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला ते त्यांनीच माझ्या केसांत घातलं. बायका म्हणाल्या, “अगंबाई, धाकटीचेही केस छान आहेत की!” माईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. केवढं प्रेम होतं त्यात! मलाही कळत होतं. आणि तरी त्या दिवसापासून मनात एक बारीक कुसळ होतं — की मला चांगलं म्हणतात तेही त्यांच्याच केसांना.

ते गंगावन माझ्या कपाटात मलमलच्या फडक्यात होतं. एका गुरुवारी मी ते काढलं. पन्नास वर्षांनी! माणूस पिकतं, पण गळलेला केस पिकत नाही हो. जसं ठेवलं तसंच होतं, काळंभोर, हातात धरल्यावर थोडं जड, आणि — माझा भास असेल — जरा कोमट. आत माई निळ्या रुमालात पडलेल्या आणि त्यांचे तरुणपणीचे केस माझ्या हातात.

मी हेतलला म्हटलं, माझ्या डोक्याला हे लाव, बघू कसं दिसतं ते. ती म्हणाली, “मम्मी, रहेवा दो ने,” म्हणजे राहू द्या ना. मी म्हटलं, नुसतं गंमत म्हणून. तिनं पिना लावल्या. माझ्या पाटल्या मी तिच्या हातात घातल्या, म्हणजे मागचे हात माझे वाटावेत. फोन स्टँडवर लावला. मी पाटावर बसले, पाठ करून, समोर रस्त्यापलीकडचा गुलमोहर. आणि तोंड उघडलं.

एका घरात पन्नास वर्षं राहिलेल्या जावांचे आवाज कसे होतात, अनुभव आहे का कुणाला? फोनवर आमचे नातेवाईक नेहमी फसायचे. पण ते फसणं वेगळं. त्या दिवशी मी बोलले, “बायांनो, जेवलात का? आज गुरुवार, माझा उपास,” आणि माझ्याच मानेवर काटा आला. कारण तो आवाज मी काढला नव्हता. तो आला. हेतलचे हात माझ्या केसांत — माईंच्या केसांत — थबकले.

आत गेले तर माई जाग्या होत्या.

“शालू,” त्या म्हणाल्या, “बाहेर मी काय बोलत होते गं?”

मी म्हटलं, हेतलनं जुनं काहीतरी लावलं होतं.

“जुनं नाही. आज गुरुवार म्हणाले मी.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर गॅलरीत बसव असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

ते रील शुक्रवारी गेलं. लोकांचा नुसता पाऊस पडला. माई आल्या, माई आल्या! कुणी लिहिलं, माई, एकही पांढरा नाही हो तुमच्यात. एकीनं गमतीनं लिहिलं, माई, जरा बुटक्या झालात का? मी ते सगळं दुपारभर वाचत बसले. माझ्या केसांना, माझ्या बोलण्याला, मलाच आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जणी छान म्हणत होत्या. ते मला नव्हतं, हे कळत नव्हतं का? कळत होतं. तरी गोड लागत होतं.

कुणीतरी विचारलं होतं, मधले दिवस कुठे होतात? त्यावर पुढच्या रीलमध्ये मी बोलले — आणि हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, माझं मीच — “आजारी होते गं. औषधांनी सगळे केस गेले होते. बघा आता. रोज तेल लावते, मनात वाईट आणत नाही.” एवढं बोलून मी केस हलवले. एवढे लांब केस इतक्या थोड्या दिवसांत येतात का, असं कुणीच विचारलं नाही; विश्वास ठेवायचा असला की माणूस मोजत नाही. कंपनीला ते फार आवडलं. त्यांना वाटलं, माई खरंच बऱ्या झाल्या. जिग्नानं फुलं पाठवली. ती फुलं मी माईंच्या उशाशी ठेवली. त्या वेळी माई डोळे उघडत नव्हत्या.

त्या गेल्या ते त्यानंतर आठवड्यानं.

गेल्यावर तरी थांबले का? तीन रीलं आधीच करून ठेवलेली होती, फोनमध्ये वार लावून, म्हणजे त्या त्या दिवशी ती आपोआप जायची. मी हेतलला म्हटलं, असू दे, जिग्नाला नंतर सांगू. तेराव्याच्या दिवशी हॉलमध्ये पंगत बसलेली. हेतल वाढत होती, मी तूप वाढायला वळले, एवढ्यात स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला. “बायांनो, जेवलात का?”

पंगतीतले हात जागच्या जागी राहिले. शेजारच्या मंजुळाबेननं पापड तळता तळता फोन उघडला होता, त्यात त्या दिवशीचं रील लागलं. तिचीच बोबडी वळली. “हाय हाय, माजी बोल्या!” म्हणजे माई बोलल्या. माईंची इंदूरची भाची ढसाढसा रडायला लागली. मला मिठी मारून म्हणाली, “काकू, हा आवाज जपून ठेवा हो. एवढाच राहिला आता मावशीचा.”

मी म्हटलं, ठेवते.

नात्यातल्या दोघातिघांनी पेजवर लिहिलं की माई वारल्या. ते हेतलनं मी सांगितलं म्हणून काढून टाकलं. कंपनीला आम्ही सांगितलंच नाही. निखिल दर गुरुवारी सकाळी लवकरच वाघोडियाला कारखान्यात निघून जायला लागला. गॅलरीकडे बघायचा नाही. मला काही बोललाही नाही. मी दर गुरुवारी पाटावर बसत राहिले. एकदा भाजीवाल्यानं खालून “शालूकाकी” म्हणून हाक मारली, तर मला क्षणभर कळेना कुणाला बोलावतोय.

आता अलका.

तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आणि तिच्यापाशी यायला मला इतका वेळ लागला.

अलका जळगावकडची. फोनवर तिचा फोटो नव्हता, जाईच्या फुलाचं चित्र होतं. मी ते केस गेल्याचं बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. ‘माई, मलाही तेच आहे. माझेही सगळे गेले. तुमचे आले ते बघून आज पहिल्यांदा पोटभर जेवले.’

निरोप माईंच्या नावानं आला होता. माई तेव्हा आत होत्या, चार दिवसांच्या सोबती. मी उत्तर दिलं. माईंच्या नावानं.

मग दर दोन-तीन दिवसांनी तिचं यायचं. आज सुई झाली, माई. आज उलट्या झाल्या. आज आरशावर टॉवेल टाकला. मी लिहायची, टॉवेल काढ गं, आरशाला काय घाबरायचं. तेल लाव, येतील. नसलेल्या केसांवर ती कंपनीचं तेल लावत होती, मला सांगून सांगून. एकदा तिनं विचारलं, माई, खरंच निघतं का माणूस यातून? आणि मी लिहिलं — ते अक्षरन् अक्षर मला पाठ आहे — ‘मी निघाले, तुला का नाही जमणार?’

माईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे ना, या हो एकदा आमच्याकडे. येणारं माणूस थोडंच त्यावर येतं! मीही लिहून गेले होते, बडोद्याला आलीस तर ये, सुभानपुऱ्यात अमुक ठिकाणी घर. एका रविवारी सकाळी तिचा निरोप आला. ‘माई, मी स्टेशनवर उतरलेय. भाऊ बरोबर आहे. पाच मिनिटं भेटते, दमवत नाही तुम्हाला.’

निखिल आणि हेतल लग्नाला नडियादला गेलेले. घरात मी एकटी.

दार उघडून सांगता आलं असतं. माई नाहीत गं, मी त्यांची जाऊ. चहा टाकला असता, दोघी रडलो असतो. स्टेशनापासून रिक्षा यायला वीस मिनिटं तरी लागतात. वीस मिनिटं होती माझ्याकडे. ती मी कशात घालवली? गंगावन लावण्यात. हात मागे पोचेनात, पिना नेहमी हेतल लावायची. कसंबसं अडकवलं. दार नुसतं लोटून ठेवलं, गॅलरीत पाट मांडला आणि पाठ करून बसले.

“माई?” दारातून आवाज आला. मला वाटलं होतं त्याहून तरुण होता तो. पस्तिशीतली असेल.

“ये गं,” मी म्हटलं. म्हणजे माई म्हणाल्या.

चप्पल काढल्याचा आवाज. मग हलकी, सावकाश पावलं, मध्ये एकदा टेकायला थांबलेली. ऊन समोरून होतं, त्यामुळे आमच्या दोघींच्या सावल्याही मागेच पडल्या होत्या. मला ती काहीच दिसत नव्हती. फक्त वास आला. माईंच्या खोलीत शेवटी जो वास होता, औषधाचा आणि सुकलेल्या तोंडाचा — तोच माझ्या मागे येऊन बसला. एक क्षण मला वाटलं, माईच आल्या आहेत.

“वळू नका,” ती म्हणाली. “माहितीय मला, तुम्ही तोंड दाखवत नाही. भाऊ खाली रिक्षात थांबलाय. मी जरा तेल लावू का तुम्हाला? माझीच बाटली आणलीय.”

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? तिचे हात गार होते. टोकाकडून लावायला लागली, हळूहळू, बोलत बोलत. भाच्याचं बारसं सांगितलं, केळी कशी गेली यंदा ते सांगितलं, भावाची नक्कल केली — “म्हणतो, कुण्या पाठीसाठी बडोद्याला चाललीस का तू, येडी!” — आणि हसली. मग म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, अजून सहा वेळा घ्यावं लागेल. मी नको म्हणून ठरवलंय घरी. आता सोसत नाही हो. पण म्हटलं, आधी माईंना बघून येते. मग काय ते पक्कं करते.”

मी समोरच्या गुलमोहराकडे बघत राहिले.

“माई, एकदाच बघा ना माझ्याकडे. कुणाला सांगणार नाही. यातून निघालेलं माणूस कसं दिसतं, तेवढं बघायचंय मला.”

“नेम आहे गं माझा,” मी म्हटलं.

“बरं, राहू द्या,” ती म्हणाली. समजूतदार होती. हात वर सरकत गेले, मानेपर्यंत, मग मुळाशी. आणि तिथे थांबले.

तिची बोटं त्या गाठीवर होती, आणि गाठीखाली माझे स्वतःचे, कधीच न गेलेले केस. ज्या बाईचे स्वतःचे केस गेलेत तिला काय वेळ लागणार? खाली रिक्षा घरघरत होती. समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकली.

“माई कधी गेल्या?” तिनं विचारलं. ओरडून नाही, चिडून नाही. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी.

तुम्हीच बघा, यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार होतं? तिनं दार उघडून धरलं होतं. मला नुसतं वळायचं होतं. तारीख सांगायची होती. एवढा प्रवास करून, पोटात औषध घेऊन आलेल्या बाईला एक खरं वाक्य द्यायचं होतं, कारण त्यावर ती काहीतरी ठरवणार होती.

मी वळले नाही. आणि माईंच्या आवाजात म्हणाले, “कुठं जाईन गं मी? ही काय, तुझ्यापुढंच बसलेय.”

त्या वेळी तो आवाज आपणहून आला नाही, हेही लिहिते. तो मी काढला.

मग तिनं, मला वाटतं आपल्या रुमालाची एक पीन काढली, दातांत धरून उघडली असावी, कारण पुढचे शब्द तोंड मिटल्यासारखे आले. “हलतंय हे. थांबा.” आणि तिनं ते गंगावन माझ्या डोक्याला घट्ट बसवलं. लग्नाच्या घरात बायका एकमेकींचं करतात तसं, दुखणार नाही अशा बेतानं. “आता सुटणार नाही,” म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली.

दार तिनं हळूच लावून घेतलं.

गॅलरीतून खाली वाकले असते तर ती रिक्षात बसताना दिसली असती. तिलाही वर बघून मी दिसले असते. मी पाट उचलून आत आले आणि रिक्षा गेल्याचा आवाज येईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. उद्या मंडईत समोर आली तरी ओळखायची नाही.

गंगावन मला एकटीला सुटेना; संध्याकाळी लग्नाहून परतल्यावर हेतलनं पीन काढली, म्हणाली, ही कुणाची? मी म्हटलं, माझीच, जुनी. त्यानंतर मी पाटावर बसले नाही. कंबरेचं निमित्त सांगितलं. कंपनीला फरक पडला नाही. तोपर्यंत त्यांच्याकडे एवढं बोलणं जमा झालं होतं की आता म्हणे मशीनच माईंचा आवाज करतं, आणि चित्रही. हेतलनं नुसतं हो म्हटलं. दर शुक्रवारी माई नवीन काहीतरी बोलतात, जे ना माई कधी बोलल्या ना मी. परवा त्या उन्हाळ्यात डोकं गार कसं ठेवायचं ते सांगत होत्या. आवाज ऐकताना मला वेगळं करता येत नाही, कुठला त्यांचा, कुठला माझा, कुठला कुणाचाच नाही.

अलकाचा त्यानंतर निरोप आला नाही. तिनं सहा वेळा घेतलं की नाही, मला माहीत नाही. पेजच्या फॉलोअरांत तिचं नाव अजून आहे. मी मधून मधून उघडून बघते — जाईचं फूल आहे तिथंच. पण फोनवर नाव असलं म्हणजे माणूस असतं असं नाही, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या नावावर बोट ठेवलं की लिहायची जागा उघडते. मी अजून तिथं काहीही लिहिलेलं नाही.